अधिकाऱ्यांवर संशोधन कसे करावे : लष्कर, पोलीस आणि कंपन्या यांच्या तुलनात्मक अभ्यासाची आखणी

शोधगंगा या संकेतस्थळावर पोलिसांचा ताण, सैनिकी नेतृत्व किंवा कंपन्यांतील व्यवस्थापकांचे कार्यसमाधान या विषयांवरचे प्रबंध शोधू लागले, की यादी बरीच लांबते. त्यांतले अनेक मेहनतीने लिहिलेले आहेत. तरीही लष्कर, पोलीस आणि खासगी कंपन्या अशा दोन किंवा तीन क्षेत्रांतील अधिकाऱ्यांची तुलना करणारे प्रबंध वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. 'अधिकारी' म्हणजे नेमका कोण, हे सुरुवातीला ठरवलेले नसते आणि त्याने प्रश्नावली कोणत्या परिस्थितीत भरली, याची नोंद शेवटपर्यंत सापडत नाही. सांख्यिकीच्या चुका मागाहून दुरुस्त करता येतात; या दोन गोष्टी मात्र माहिती गोळा करून झाल्यावर दुरुस्त होत नाहीत. म्हणून या लेखात आकडेमोडीपेक्षा तिच्या आधीच्या कामावर अधिक भर दिला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठात पीएच.डी. करणारा किंवा करू इच्छिणारा संशोधक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

पहिली पायरी : 'अधिकारी' कोण, हे लिहून काढणे

तिन्ही क्षेत्रांत हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरला जातो. लष्करात लेफ्टनंट पदापासून वरचे, राष्ट्रपतींच्या कमिशनवर नेमलेले ते अधिकारी. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे 'ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर' असतात. त्यांची सेवा, त्यांचा मेस आणि त्यांचे जवानांशी असलेले नाते अगदी निराळे असते. नावात 'ऑफिसर' आहे म्हणून त्यांना कॅप्टन आणि मेजर यांच्या गटात घातले, तर सरासरी वयापासून सगळेच बिघडते. महाराष्ट्र पोलीस दलात पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरील पदे अधिकाऱ्यांची मानली जातात, तर शिपाई, हवालदार आणि सहायक पोलीस उपनिरीक्षक हे अंमलदार म्हणवले जातात. 'अधिकारी व अंमलदार' हा जोडशब्द खात्याच्या प्रत्येक परिपत्रकात दिसतो तो याच कारणाने. त्यात पुन्हा श्रेणी पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे दीर्घ सेवेनंतर त्या पदाची श्रेणी मिळालेले अंमलदार, असतात. त्यांना आपल्या गटात घ्यायचे की नाही, हे आराखड्यातच स्पष्ट करावे.

कंपन्यांत गोंधळ सर्वांत जास्त आहे. कंपनी कायदा, २०१३ मधील व्याख्येनुसार 'ऑफिसर' या शब्दात संचालक, व्यवस्थापक आणि प्रमुख व्यवस्थापकीय पदाधिकारी येतात. प्रत्यक्षात मात्र एखाद्या कारखान्यात 'ज्युनिअर ऑफिसर' ही नुकत्याच लागलेल्या पदवीधराची पाटी असते आणि दुसऱ्या कंपनीत 'मॅनेजर' म्हणवणाऱ्या माणसाच्या हाताखाली एकही माणूस नसतो. पदनामावर विसंबून निवड करू नये. तीन प्रश्न विचारावेत : या व्यक्तीच्या थेट हाताखाली किती माणसे काम करतात, सहीचे अधिकार कोणत्या बाबींचे आहेत आणि तिच्या निर्णयाने दुसऱ्याच्या रजेवर, बदलीवर किंवा वार्षिक मूल्यमापनावर परिणाम होतो का? हेच तीन प्रश्न लष्करातील मेजरला आणि पोलीस ठाण्यातील निरीक्षकालाही विचारता येतात. तुलनेचा पाया त्यांतून तयार होतो, कारण पदे जुळली नाहीत तरी अधिकाराचा आवाका जुळवता येतो.

याच टप्प्यावर प्रवेशाचा मार्गही नोंदवावा. महाराष्ट्रात उपनिरीक्षक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट येतो, खात्यांतर्गत परीक्षा देऊन येतो किंवा शिपाई म्हणून भरती होऊन पदोन्नतीने येतो. पंचविशीत थेट आलेला उपनिरीक्षक आणि शिपाई म्हणून लागून पन्नाशीला त्या पदावर पोचलेला उपनिरीक्षक यांच्या खांद्यावर सारखेच दोन तारे असतात, पण त्यांच्या नोकरीचा अर्थ सारखा नसतो. लष्करात कायम कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक) आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांची नेमणूक) असा भेद आहे. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनची वाट रुंदावली; त्याआधी आणि त्यानंतर सेवेत आलेल्या महिला अधिकाऱ्यांना एकाच रकान्यात टाकणे म्हणजे आपणच शोधू पाहत असलेला फरक पुसून टाकणे होय.

दुसरी पायरी : प्रश्न अरुंद करणे

'लष्कर, पोलीस आणि कॉर्पोरेट अधिकाऱ्यांच्या ताणाचा तुलनात्मक अभ्यास' हे शीर्षक मोठे दिसते, पण त्यातून कोणताही उपयोगी निष्कर्ष निघण्याची शक्यता कमी असते. पोलिसांचा ताण जास्त निघेल, कंपन्यांचा मधला आणि लष्कराचा कमी, किंवा क्रम थोडा बदलेल. पण का, हे कळणार नाही. त्याऐवजी तिन्हीकडे असलेली आणि तिन्हीकडे वेगळ्या रीतीने चालणारी एखादी एकच यंत्रणा निवडावी. पदोन्नती, बदली, रजा, वरिष्ठांकडून होणारे मूल्यमापन अशी अनेक उदाहरणे देता येतील.

पदोन्नतीच्या बाबतीत एक जुना धडा आजही उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्यात केलेल्या अभ्यासात असे दिसले, की हवाई दलाच्या तुकड्यांत बढती झपाट्याने मिळत असूनही तेथील लोक बढतीच्या संधीबद्दल अधिक नाराज होते, तर जिथे बढती सावकाश मिळे त्या लष्करी पोलिसांत नाराजी कमी होती. माणूस आपली तुलना शेजारच्याशी करतो. शेजारचे सगळे पुढे गेले की मागे राहणे अधिक बोचते. या निष्कर्षातून 'सापेक्ष वंचितता' ही संकल्पना पुढे आली. आपल्याकडच्या अभ्यासासाठी यातला अर्थ सरळ आहे : अधिकाऱ्याला 'तुम्ही समाधानी आहात का' असे विचारण्याआधी 'तुम्ही स्वतःची तुलना कोणाशी करता' हे विचारावे. उपनिरीक्षक आपल्या तुकडीतील सोबत्याशी तुलना करतो, की राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी झालेल्या वर्गमित्राशी, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

आणखी एक आराखडा मला फार मोलाचा वाटतो आणि तो क्वचितच वापरला जातो. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अनेक अधिकारी १० किंवा १४ वर्षांनंतर सेवा सोडून कंपन्यांत येतात; संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापन संस्थांत अभ्यासक्रमही चालतात. एकच माणूस दोन व्यवस्थांतून गेलेला असल्यामुळे त्याच्या अनुभवात स्वभावाचा आणि व्यवस्थेचा प्रभाव वेगळा करणे काहीसे सोपे होते. पुण्यासारख्या शहरात, जिथे लष्कराचे दक्षिण मुख्यालय, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि कंपन्यांची कार्यालये तासाभराच्या अंतरात आहेत, असे तीसेक अधिकारी शोधणे अशक्य नाही. तीनशे प्रश्नावल्यांपेक्षा अशा तीस सविस्तर मुलाखती अधिक काही सांगून जातील, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : परवानगी, आणि तिच्यासाठी लागणारा वेळ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा कालावधी अभ्यासक्रमासह किमान ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. नोंदणी पक्की होऊन वर्ष उलटल्यावर परवानगीचा अर्ज करणारा संशोधक बहुतेक वेळा अडकतो. संशोधन सल्लागार समितीने आराखडा मान्य करताच अर्ज टपालाने आणि प्रत्यक्ष असा दोन्ही मार्गांनी द्यावा, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि सोबत मार्गदर्शकांचे पत्र, प्रश्नावलीची पूर्ण प्रत व माहिती कोणत्या स्वरूपात प्रसिद्ध होणार याचे एक पान जोडावे. हे शेवटचे पान फार महत्त्वाचे आहे, कारण प्रबंध मान्य झाल्यावर तो शोधगंगावर सर्वांसाठी खुला होतो. परवानगी देणाऱ्याला हे आधी माहीत असणे हा त्याचा हक्क आहे.

पोलीस दलात पोलीस आयुक्त किंवा जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, म्हणजे घटक प्रमुख, यांच्याकडे अर्ज करावा; अनेक घटकांत काम असेल तर पोलीस महासंचालकांच्या कार्यालयाकडे. पोलीस संशोधन व विकास ब्यूरो ही १९७० पासून कार्यरत असलेली केंद्र सरकारची संस्था दरवर्षी पोलीस दलांच्या मंजूर व रिक्त पदांची आकडेवारी प्रसिद्ध करते. ती वापरली तर कार्यालयाकडे मागायची माहिती निम्म्याने कमी होते. जे तिथे नाही ते माहिती अधिकारातून मिळू शकते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे 'सर्व माहिती द्यावी' असे न लिहिता 'अमुक घटकातील पोलीस निरीक्षकांची मंजूर आणि भरलेली पदे' असे नेमके लिहावे.

लष्कराच्या बाबतीत भ्रम नसावा. सेवेतील अधिकाऱ्यावर आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम २१ लागू असतो. सेवेशी संबंधित विषयावर पूर्वपरवानगीशिवाय काही प्रसिद्ध करण्यास तो मनाई करतो. ओळखीच्या मेजरने व्हॉट्सॲपवर प्रश्नावली भरून दिली आणि युनिटमधल्या आणखी दहा जणांना पाठवली, तर अडचण संशोधकापेक्षा त्या मेजरची होते. माणूस चांगुलपणाने मदत करतो म्हणून त्याला धोक्यात घालणे योग्य नाही. औपचारिक परवानगी मिळत नसेल तर निवृत्त अधिकाऱ्यांकडे वळावे. माजी सैनिकांच्या संघटना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये त्यांच्यापर्यंत पोचण्याचा सरळ रस्ता आहेत. मात्र निवृत्तांच्या आठवणी आणि सेवेतील लोकांचा आजचा अनुभव यांची एकत्र बेरीज करू नये, आणि निवृत्तीला किती वर्षे झाली हा रकाना ठेवावा. तैनाती, संख्याबळ, शस्त्रे यांविषयीचे प्रश्न मुळातच वगळावेत. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आजही लागू आहे आणि नेतृत्वाच्या अभ्यासाला या माहितीची गरज नसते.

कंपन्यांत परवानगी लवकर मिळते, पण मनुष्यबळ विभाग स्वतःच नावे निवडून देतो. ही यादी सहसा समाधानी लोकांची असते. संपूर्ण यादी मागून त्यातून आपण चिठ्ठ्या टाकून निवड करू, असे पत्रातच लिहावे.

चौथी पायरी : संमती

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. एका पोलीस घटकात परवानगी मिळाली, प्रश्नावल्यांचा गठ्ठा कार्यालयात दिला आणि आठवडाभरात त्या सगळ्या भरून परत आल्या. शंभर टक्के प्रतिसाद पाहून मला आनंद झाला. रात्री गठ्ठा उघडून एकेक पान चाळताना दिसले, की सलग अकरा प्रश्नावल्यांवर एकाच जांभळट शाईच्या पेनाच्या खुणा आहेत आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळ्या चौथ्या रकान्यात आहेत. उलट अर्थाच्या प्रश्नांनाही तेच उत्तर. वरून निरोप गेला होता, 'उद्यापर्यंत भरून द्या', आणि बंदोबस्ताच्या गडबडीत रायटरने, म्हणजे लेखनिकाचे काम करणाऱ्या अंमलदाराने, ते उरकले होते. त्यात त्याचा दोष नव्हता. आदेशाला आदेशाप्रमाणेच उत्तर मिळते, आणि तो आदेश होऊ दिला तो मी.

म्हणून श्रेणीबद्ध संस्थेत घटक प्रमुखाची परवानगी आणि अधिकाऱ्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. परवानगीने दार उघडते. आत बोलायचे की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते. त्यासाठी प्रश्नावल्या कार्यालयामार्फत वाटू नयेत. संशोधकाने स्वतः भेटावे, संमतिपत्र मराठीत वाचून दाखवावे, नकार दिल्यास कोणालाही कळणार नाही असे सांगावे आणि तसेच वागावे. एक उपाय उपयोगी पडतो : भरलेली असो वा कोरी, प्रत्येकाने प्रश्नावली बंद पाकिटात घालून पेटीत टाकायची. मग कोणी भरली आणि कोणी नाही, हे शेजारच्या टेबलालाही समजत नाही. प्रश्नावलीवर नाव, बक्कल क्रमांक किंवा कर्मचारी क्रमांक घेऊ नये; पाठपुरावा करायचा असेल तर अधिकाऱ्याने स्वतः बनवलेली खूण वापरावी.

संशोधक स्वतःच खात्यातील अधिकारी असेल, आणि असे अनेक जण आज पीएच.डी. करत आहेत, तर त्याने आपल्या हाताखालच्या लोकांकडून माहिती कधीही गोळा करू नये. दुसऱ्या घटकात काम करावे किंवा सहायक नेमावा, आणि आपले पद प्रबंधात उघडपणे लिहावे.

गोपनीयतेचे आश्वासन देताना जपून बोलावे. संशोधकाला वकिलासारखे कायद्याचे संरक्षण नाही. मुलाखतीत कोणी एखाद्या गुन्ह्याची कबुली दिली तर 'हे कोणालाही कळणार नाही' हा शब्द पाळता येईलच असे नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगावे, की विशिष्ट प्रकरणाचे, आरोपीचे किंवा सहकाऱ्याचे नाव घेऊ नये. ताण आणि नैराश्याविषयी विचारत असाल तर पुढचा मार्गही हाताशी हवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक संमतिपत्राच्या तळाशी छापावा. आत्महत्येच्या विचारांविषयीचा प्रश्न मात्र प्रश्नावलीत ठेवू नये. निनावी कागदावर तसे उत्तर आले तर तो माणूस शोधता येत नाही. त्यामुळे असा प्रश्न ठेवायचाच असेल तर तो समोरासमोरच्या मुलाखतीत, संस्थेच्या नैतिकता समितीच्या मान्यतेने आणि समुपदेशकाची सोय करूनच ठेवावा.

पाचवी पायरी : मोजमापाचे साधन

तयार मापनश्रेण्या भरपूर आहेत. मॅकक्रिअरी आणि थॉम्प्सन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोलीस ताण प्रश्नावलीचे दोन भाग आहेत, एक प्रत्यक्ष कामाचा आणि एक संघटनेचा, प्रत्येकी २० विधानांचे. हे विभाजन आपल्याकडे फार उपयोगी आहे, कारण गुन्हेगाराशी गाठ पडण्यापेक्षा रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी अधिक त्रास देते का, हे त्यातून तपासता येते. पण ती पोलिसांसाठीच आहे; कंपनीतील व्यवस्थापकाला देता येत नाही. तिन्ही गटांसाठी सामाईक साधन हवे असेल, तर श्रीवास्तव आणि सिंह यांचा ४६ विधानांचा व्यावसायिक ताण निर्देशांक भारतीय परिस्थितीत तयार झालेला आहे. मॅस्लॅक यांची बर्नआउट (कामामुळे येणारा टोकाचा थकवा) श्रेणी आणि नेतृत्वासाठीची बास व अव्होलिओ यांची बहुघटक प्रश्नावली वापरण्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. फुकटात उतरवलेली प्रत वापरल्यास प्रबंध प्रसिद्ध करताना अडचण येते.

मराठी अनुवाद एकाने करावा, दुसऱ्या व्यक्तीने मूळ न पाहता तो परत इंग्रजीत न्यावा आणि दोन्ही ताडून पाहावेत. त्यानंतर पाच-सहा अधिकाऱ्यांसमोर बसून प्रत्येक विधान त्यांना काय वाटले ते विचारावे. हा टप्पा वगळला की काय होते, याचे एक उदाहरण देतो. 'मला कामात पुरेशी स्वायत्तता आहे' या विधानावर एका उपनिरीक्षकाने मला विचारले, "म्हणजे साहेबांना न विचारता करायचं, असं का?" त्याच्या दृष्टीने तो बेशिस्तीचा प्रश्न होता, तर कंपनीतील व्यवस्थापकाच्या दृष्टीने सन्मानाचा. विधान एकच, पण दोन गटांत त्याचा अर्थ विरुद्ध. आम्ही ते बदलून 'तपासाची किंवा कामाची दिशा ठरवताना माझे मत धरले जाते' असे केले, तेव्हा दोघांनाही एकच गोष्ट समजली.

लष्करी अधिकाऱ्यांच्या बाबतीत वेगळी अडचण असते. ते भरतीच्या वेळी सेवा निवड मंडळाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांतून गेलेले असतात. १५ सेकंदांत एका शब्दावर वाक्य लिहिण्याची सवय त्यांनी त्या काळात मुद्दाम केलेली असते. त्यामुळे 'योग्य' उत्तर कोणते, हे त्यांना चटकन ओळखू येते. अशा गटाला 'मी कठीण प्रसंगी शांत राहतो' असे विचारून फारसे हाती लागत नाही. 'गेल्या महिन्यात तुम्ही निर्णय पुढे ढकलला असा एक प्रसंग सांगा' असे प्रसंगावर आधारित प्रश्न अधिक प्रामाणिक उत्तरे देतात.

सहावी पायरी : नमुना आणि विश्लेषण

तीन गटांच्या सरासरींची तुलना करायची असेल, मध्यम आकाराचा फरक शोधायचा असेल आणि तो खरोखर असल्यास सापडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल, तर जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर एकूण १५९ जणांचा नमुना सुचवते. पण हे गणित प्रत्येक जण स्वतंत्रपणे निवडला आहे असे मानते. एका पोलीस ठाण्यातील सहा अधिकारी एकाच वरिष्ठाच्या हाताखाली असल्याने त्यांची उत्तरे एकमेकांसारखी असतात. गटांतर्गत साधर्म्य ०.०५ धरले आणि प्रत्येक ठिकाणाहून सहा जण घेतले, तर नमुना १.२५ पट, म्हणजे सुमारे २०० जणांचा करावा लागतो. शक्य असेल तर एकाच ठिकाणाहून कमी आणि अधिक ठिकाणांहून लोक घ्यावेत.

सरासरींची तुलना करण्याआधी मोजमापाची समरूपता तपासावी, म्हणजे तिन्ही गटांत विधानांची रचना, त्यांचे भार (विधान मोजायच्या गुणाशी किती घट्ट जोडलेले आहे) आणि त्यांचे मूळ बिंदू (तो गुण सारखाच असताना उत्तराची पातळी) सारखे आहेत का, ते पाहावे. स्वायत्ततेच्या विधानासारखे एखादे विधान अनुवादात निसटले असेल तर ते येथे पकडले जाते. समरूपता नसेल तर सरासरींची तुलना सोडून द्यावी आणि प्रत्येक गटातील अंतर्गत संबंधांचाच अभ्यास करावा. वय, सेवेची वर्षे आणि हाताखालच्या माणसांची संख्या विश्लेषणात धरावी. अन्यथा जो फरक गणवेशाचा वाटतो, तो वयाचा निघतो.

माहिती गोळा करण्याचा महिना हाही एक घटक आहे. गणेशोत्सव, आषाढी वारी किंवा निवडणुकीच्या काळात पोलिसांचा आणि मार्चअखेरीस कंपन्यांचा ताण मोजला, तर तुलना ऋतूंची होईल. तिन्ही गटांचे काम एकाच सहा आठवड्यांत, शक्यतो दोन मोठ्या बंदोबस्तांच्या मधल्या काळात, पूर्ण करावे आणि प्रत्येक प्रश्नावलीवर तारीख घालावी.

सातवी पायरी : लिहिताना ओळख लपवणे

नाव काढले म्हणजे ओळख लपली, असे होत नाही. 'पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्यातील, गुन्हे शाखेत काम करणारी, ४२ वर्षांची महिला निरीक्षक' या वर्णनाची व्यक्ती त्या जिल्ह्यात एकच असू शकते आणि तिचे वरिष्ठ तिला ओळखतील. कोष्टकातील ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी जण आहेत, ती शेजारच्या चौकटीत मिळवावी. मुलाखतीतील उतारे वापरताना जिल्हा, शाखा आणि वय यांपैकी एकच तपशील ठेवावा. बोलीवरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून एखादा लकबीचा शब्द बदलावा लागला तर तसा उल्लेख पद्धतीच्या प्रकरणात करावा. उतारा छापण्यापूर्वी तो संबंधित अधिकाऱ्याला वाचायला द्यावा आणि मागे घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. माझ्या एका उत्तरदात्याने दोन पानांतले फक्त एक वाक्य काढायला सांगितले. मला ते अगदी निरुपद्रवी वाटले होते, पण त्या वाक्यावरून त्याच्या ठाण्यातला हवालदार ओळखू आला असता.

मौखिक परीक्षेनंतर दोन पानांचे मराठी टिपण तयार करून ते घटक प्रमुख, कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि ज्यांनी वेळ दिला ते अधिकारी, अशा सर्वांना एकाच दिवशी पाठवावे. त्यात कोणत्याही एका ठाण्याचे किंवा विभागाचे स्वतंत्र आकडे देऊ नयेत, कोणी आग्रहाने मागितले तरी नाही. मूळ प्रश्नावल्या आणि ध्वनिमुद्रणे किती वर्षांनी नष्ट करणार, हे संमतिपत्रात लिहिलेले असते. ती तारीख मार्गदर्शकांच्या आणि स्वतःच्या अशा दोन्ही दैनंदिनींत नोंदवून ठेवावी.